नऊ घरांच्या भिंती

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. कारवी फुलायला अजून तीन वर्षं होती. कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखाली नऊ घरांची बौद्धवाडी होती आणि तिथे वर्षं मोजायची रीतच अशी होती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, डोंगर जांभळा होतो, मग बी गळून ती उभ्या उभ्या वाळते. कोयता लावायचा तो तेव्हाच. तशा काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून केलेला कुड दोन पिढ्या टिकतो. मधल्या वर्षांत कापलेली ओली कारवी किडते. हे वाडीत कुणाला सांगावं लागत नसे.

कुड विणण्यात धर्माजीचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या पौषात मुंबईचे नवलकर साहेब लेणी पाहून उतरले आणि पाणी मागायला त्याच्या अंगणात थांबले. साहेब इमारतींचे नकाशे काढत. धर्माजीच्या बायकोने, पुतळाबाईने, तांब्या-पेला पुढे केला. तिला वाटलं, वाडी कुणाची ते कळलं की साहेबांची तहान आपोआप भागेल. साहेबांनी पेला तोंडाला लावून रिकामा केला आणि आणखी मागितलं. मग भिंतीवर बोटाने टकटक करून विचारलं, हे कुणी विणलं.

मुंबईच्या एका कंपनीला आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी खालापूरच्या बाजूला मोठी वसाहत बांधायची होती. दोन हजार साली जग कसं असेल, तशी ती आजच दिसायला हवी होती. साहेबांनी पुठ्ठ्याची प्रतिकृती आणून दाखवली. मधोमध सभागृह, त्याला लेण्यासारखी कमान, वर काचेचं छप्पर, शेजारी गणकयंत्राची खोली, आणि सभागृहाच्या भिंती मात्र कारवीच्या. साहेबांचं म्हणणं असं की, उद्याचं जग इथल्या मातीतून वर आलं पाहिजे, नाहीतर ते भाड्याने आणल्यासारखं वाटेल.

बांधकामावर धर्माजीला बसायला खुर्ची मिळाली. साहेब त्याला मास्तर म्हणू लागले. गवंडी चेष्टेने हजेरी द्यायचे, 'हजर हाय मास्तर,' पण विणकाम शिकायला त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. घरी तो यातलं काही सांगत नसे. विडी ओढताना मधेच एकटा हसे, तेवढ्यावरून पुतळाबाई ओळखायची. जन्मभर त्याच्या बापाला आणि त्याला लोकांनी हाक मारली ती मेलेलं ढोर ओढायला, नाहीतर कुड घालायला, आणि कुड घातला की बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. आता एक शिकलेला माणूस त्याला विचारत होता.

कंपनीचे डायरेक्टर मे महिन्यात पाहायला येणार होते. कारवीचं वर्ष अजून लांब आहे, एवढंच साहेबांना सांगायचं होतं. पुतळाबाई नवऱ्याला दोनदा म्हणाली. तो म्हणाला, मास्तरानं पहिल्याच धड्याला नाय म्हणायचं का? पुढे साहेब पुन्हा घरी आले, पाणी प्यायले, तेव्हा तीच बोलणार होती. पण साहेबांनी 'आमचे मास्तर कुठे आहेत?' असं विचारलं, आणि तो शब्द तिलाही इतका गोड लागला की ती गप्प राहिली.

धर्माजीने ओली कारवी कापली. सभागृह विणून झालं, लिंपून झालं. होळीनंतर भिंतींच्या बुडाशी पिवळं पीठ पडू लागलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, 'मास्तर, आता?' रागावले असते तर बरं झालं असतं.

सगळ्या डोंगरात पक्की कारवी एकाच ठिकाणी उरली होती, वाडीतल्या घरांच्या भिंतींत. चुलीच्या धुराने त्या काठ्या काळ्याभोर झाल्या होत्या, त्यांना किडा शिवत नसे. साहेबांनी शब्द दिला की पाहणी झाली की कंपनी पावसाआधी नऊही घरांना विटांच्या भिंती घालून देईल आणि मास्तरांना कायमची नोकरी देईल. त्यांचाही त्या शब्दावर विश्वास होता. धर्माजी घरोघर गेला. शेवटचं घर त्याची चुलती मालनबाई हिचं. ती एकटीच राहायची, गुडघ्यांनी अधू.

'धर्मा, तुजा सायेब कुठल्या सालाचं बांदतोय म्हन्लास?'

'दोन हजार सालाचं, काकी.'

'आन मी या पावसात कुठं निजू रं?'

'इटांच्या भिंतीत निजशील. मी हाय ना.'

'तू हायेस म्हून तर ईचारते,' ती म्हणाली, आणि भिंतीला टेकलेली पाठ तिने काढून घेतली.

चैत्रात नऊ घरं सोलली गेली आणि त्या काठ्यांनी सभागृह पुन्हा विणलं गेलं. पुतळाबाईने चुलीमागची तेवढी भिंत ठेवायला सांगितली होती. धर्माजीने तीच आधी काढली, कारण सगळ्यांत काळी तीच होती. बायकांनी गोणपाटं, लुगडी बांधून आडोसा केला. वारा आला की सगळी वाडी फडफडायची.

मे महिन्यात डायरेक्टर आले. धर्माजी धुतलेलं धोतर नेसून दाराशी उभा होता आणि बायकांच्या घोळक्यात पुतळाबाई. पाहुण्यांनी कमान पाहिली, माना वर करून काच पाहिली, वा वा झालं. मग दारं लावून आत भाषणं सुरू झाली. काचेतून ऊन तापत गेलं तसा भिंतींचा वास सुटला. चुलींचा, बोंबलांचा, रॉकेलच्या दिव्यांचा, नऊ घरांतल्या माणसांचा. एका बाईंनी पदर नाकाला लावला. एक म्हातारे डायरेक्टर बाहेर येऊन मोकळा श्वास घेत साहेबांना म्हणाले, 'नवलकर, हे कुणाच्या तरी घरात बसल्यासारखं वाटतं.'

साहेब म्हणाले, वास जाईल. तो जाणार नाही, हे पुतळाबाईला माहीत होतं.

आठवड्याने निरोप आला की भिंती काढून गुळगुळीत फळ्या लावायच्या. साहेब मुंबईला भांडायला गेले आणि परत आले ते फक्त नकाशे गुंडाळून न्यायला. विटांचं विचारलं तर म्हणाले, पत्र लिहितो. मास्तर म्हणाले नाहीत.

मग धर्माजीने शेजारच्या गावातल्या कोंडाजीची बैलगाडी मागितली. आपल्याच काठ्या आणायच्या होत्या. ओळखीने निवडून ज्याच्या त्याच्या दारात टाकायच्या होत्या. पुतळाबाई बरोबर गेली. वसाहतीच्या फाटकाच्या आत रस्त्याला डांबर घालणं चाललं होतं. पिंपांखाली जाळ होता, आणि जाळात कारवी होती. पक्की कारवी चरचरत नाही, धूरही करत नाही, नुसती लाल होऊन उभी राहते. धर्माजीने बाजूला पडलेली अर्धी काठी उचलली, पाहिली.

'ही काकीची,' तो म्हणाला.

कोंडाजीने गाडी वळवली.

पाऊस वेळेवर आला. विटा आल्या नाहीत. आषाढात मालनबाईला ताप भरला. पाऊस आत येई त्या बाजूला धर्माजी रात्रंदिवस घोंगडं धरून बसला. चौथ्या दिवशी ती गेली. वाडीने त्याला बोल लावला नाही. फक्त तो आला की बोलणं थांबायचं.

शहात्तर साली डोंगर जांभळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात वाडीने कारवी कापली आणि ज्याने त्याने आपापला कुड विणला, वाकडातिकडा. धर्माजीला कुणी बोलावलं नाही. तो माथेरानला हॉटेलात पाणी भरायला राहिला. एकोणऐंशी साली तिथेच वारला. त्याच्या पेटीत इंग्रजी मासिकाचं एक पान निघालं, साहेबांनी पाठवलेलं. त्यावर त्या सभागृहाचा फोटो होता. कोपऱ्यात काठी ओवणारा एक हात दिसत होता. नाव साहेबांचं होतं.

नवलकरांचं पुढे नाव झालं. ते परदेशी गेले. कोंडाजीने बैल विकून टेंपो घेतला. त्या वसाहतीत दहा वर्षं अधिकारी शिकून गेले, मग कंपनीच बुडाली. काचेच्या छपराखाली आता वटवाघळं आहेत.

पुतळाबाई लेकीकडे भिसेगावला सिमेंटच्या घरात राहते. तिथल्या भिंतींना कसलाच वास नाही. चौऱ्याऐंशी साली पुन्हा कारवी फुलली, तेव्हा लेक म्हणाली, चल आई, बघून येऊ. ती गेली नाही. वाडीच्या वाटेवर मालनबाईचं जोतं लागतं. त्यावर कुड कुणी घातला नाही, आणि कारवीचं वर्ष लांब आहे हा एक शब्द साहेबांना वेळेवर कुणी सांगितला नव्हता, ते तिला माहीत आहे.