हॉर्न वाजवायचा कुणी

आमच्या ओसाकाचा माणूस सिंहालासुद्धा म्हणेल, "काय काका, जरा सरकून घ्या की!" पण माझं लग्न झालं भिडस्त माणसांच्या तोत्तोरी गावातल्या तात्सुनोरीशी. लिफ्टमध्ये शिंक आली तर हा मधल्याच मजल्यावर उतरून शिंकतो.

त्या रविवारी आम्ही दोघं, सात वर्षांची मिहो आणि तीन वर्षांचा गाकु डोंगरातल्या सफारी पार्कात आपल्याच गाडीतून फिरत होतो. दोन वर्षं सोडतीत रिकामी चिठ्ठी निघाल्यावर यंदा मिहोला जिराफाला भरवायचा नंबर लागला होता. वेळ साडेबाराची. चुकली की नंबर पुढच्याला. महिनाभर पोरगी घरात केरसुणी उभी धरून तिला गाजर भरवत होती, तळहात अगदी सपाट ठेवून.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना एक सिंह आला आणि आमच्या गाडीपुढे रस्त्यात आडवा झाला. एकेरी रस्ता, दोन्हीकडे चर. शेजारीच भली मोठी पाटी: दार-काच उघडू नका. अडचण आल्यास हॉर्न वाजवा, कर्मचारी येतील.

"वाजव," मी म्हटलं.

"उठेल गं एवढ्यात."

सिंहाने कूस बदलली. गाकु ओनिगिरीच्या मुटक्यांवर बसला आणि सीटभर भात झाला. बारा वाजून गेले.

"अरे, वाजव ना!"

"मागे आठ-नऊ गाड्या आहेत. कुणी वाजवतंय का? मग आपणच कशाला? एखाद्या गाडीत तान्हं मूल झोपलं असेल."

"दुसऱ्यांची झोपलेली दिसतात. आपली जागी आहेत ती नाही दिसत?"

तो बाहीने काचेवरचा डाग पुसायला लागला. इथेच आमचं घोडं पेंड खातं, लग्नापासून. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं हो! मागे मिहो नंबराचा बिल्ला मुठीत धरून घड्याळाकडे बघत होती. माझं डोकं भणभणायला लागलं.

बारा पंचविसाला मी तात्सुनोरीच्या पुढ्यातून आडवी झाले आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला.

दोन मिनिटांत पार्कची पट्ट्यापट्ट्यांची जीप आली. तिने पुढून हळूहळू रेटा दिल्यावर महाराज उठले. जीपवरच्या कर्ण्यातून आवाज आला, "माफ करा हं! आम्ही पलीकडून बघतच होतो. तुम्ही निवांत सिंह बघताय असं वाटलं, म्हणून मध्ये आलो नाही."

हसू की कपाळ बडवून घेऊ? आणि तात्सुनोरी आरशात बघून मागच्या गाडीची मान लववून माफी मागत होता.

जिराफापाशी पोचलो तेव्हा पावणेएक झाला होता. तिथे कामाला असलेल्या मुलीने कमरेत वाकून सांगितलं, "माफ करा, तुमचा नंबर पुढच्या मुलाला दिला." ते कार्टं वेडावाकडा हात करून गाजर भरवत होतं. मी भांडायला तोंड उघडलं, तोच मिहो पुढे झाली आणि तशीच कमरेत वाकली.

"काही हरकत नाही. आमच्यामुळे तुम्हालाच त्रास झाला."

"अय्या, किती शहाणी आहे हो तुमची मुलगी!" ती कामावरची मुलगी मला म्हणाली.

रड की गं बाई, लोळण घे, पाय आपट! पण तिने बिल्ला नीट पुसून परत दिला. तात्सुनोरी खाली बघत उभा होता.

गाड्या लावायच्या जागी आल्यावर मी मिहोला पुढे बोलावून बापाच्या मांडीवर बसवलं.

"वाजव हॉर्न," मी म्हटलं.

"कशाला? समोर कुणीच नाहीये."

"असंच. राग आलाय ना तुला?"

"लोकांना त्रास होईल."

तिने बापाकडे बघितलं. तात्सुनोरीने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. तो म्हणाला, "वाजव, मिहो. जोरात वाजव."

मिहोने एक बोट हॉर्नवर टेकवलं. इतकं हलकं, की आवाजच झाला नाही.