बस्करपट्टीवर झालेलं संशोधन

मित्रांनो, या देशाच्या प्राथमिक शिक्षणाचा सगळा भार मी पेलला आहे. म्हणजे पोरं माझ्यावर बसतात. मी एक जुनी बस्करपट्टी आहे, नांदूरघाटहून आत गेल्यावर लागणाऱ्या एका वस्तीवरच्या शाळेत तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात अंथरलेली.

सोलापूरच्या मागावर माझा जन्म झाला. तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे ठसठशीत होते आणि साहेबलोक आले की मला कौतुकाने पुढे अंथरत. नंतर मी ग्रामसभेला गेले, लग्नाच्या पंगतीला गेले, येताना वरणाचे डाग घेऊन आले. एक कोपरा उंदराने खाल्ला. तक्रार नाही. बसणाऱ्याला खालचं दिसत नाही, हा निसर्गनियम आहे.

माझ्या डाव्या टोकाला संस्कृती बसायची. तिला नुकतीच जोडाक्षरं जमू लागली होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. पोरंही बरोबर जातात, कारण मागे त्यांना भाकरी घालणारं कुणी नसतं. शाळेत हंगामी वसतिगृह असलं तर मूल गावात राहून शिकतं. आमच्याकडे ते नव्हतं.

त्या वर्षी पुण्याहून अभिमन्यू सर आले. सर अर्थतज्ज्ञ. वसतिगृहामुळे मुलांच्या शिकण्यात फरक पडतो का, हे त्यांना मोजायचं होतं. चिठ्ठ्या टाकून त्यांनी काही गावांना वसतिगृह दिलं, काहींना दिलं नाही. शेवटी दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घ्यायची आणि ही योजना वाढवावी की बंद करावी, ते सरकारला सांगायचं. आमची चिठ्ठी 'नाही'ची निघाली.

संस्कृतीची आई वनमाला दारात उभी राहून मुख्याध्यापक भागवत गुरुजींना म्हणाली, "गुर्जी, पोरीला हितंच ठिवायचं व्हतं. तिकडं नुसती ल्हानग्याला सांभाळीत बसती."

"पुढल्या साली मिळतंय बघ," गुरुजी म्हणाले. "परीक्षा तेवढी झकास दिसू दे."

गुरुजी मनापासून बोलत होते. मित्रांनो, आपल्याकडे गाडीतून येऊन काहीबाही लिहून नेणारा प्रत्येक माणूस तपासणीलाच आलेला असतो, आणि साहेब खूश झाले की मंजुरी मिळते. दुखतंय म्हटल्यावर औषध मिळतं, ते दवाखान्यात. कचेरीत नाही.

परीक्षा ठरली ऐन थंडीत. तेव्हा निम्मा वर्ग उसाच्या फडात होता. गुरुजींनी हायस्कुलातून सातवीची पोरं मागवली आणि गेलेल्यांच्या नावावर बसवली. संस्कृतीच्या जागी अंजू बसली. मला वजनावरून लगेच कळलं. मिसरूड फुटलेल्या सिदूने शेजारच्याला हळूच विचारलं, "आज माजं नाव काय हाय बे?"

सरांनी पोषण आहाराबद्दल दोन चांगले शब्द काढले.

अंजूने धडा घडाघडा वाचला. वसतिगृह नसताना एवढी प्रगती कशी, असं सरांनी विचारलं. गुरुजी लाजले आणि सगळी मेहनत मुलांची आहे म्हणाले.

पावसाळ्यात अहवाल आला. कागद गुळगुळीत, आलेख रंगीत. 'नाही'वाल्या बाकीच्या गावांनीही आमच्यासारखीच पोरं बसवली होती; वसतिगृहाच्या गावांत मुलं खरी होती, त्यामुळे मार्कही खरेच पडले होते. निष्कर्ष निघाला की वसतिगृहाने काही साधत नाही. ज्या गावांत ते नाही, तिथली मुलं पुढे आहेत. गुरुजींनी अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

दसऱ्याच्या सुमारास वनमाला वसतिगृहाचं विचारायला आली. गुरुजी बराच वेळ फळा पुसत राहिले. मग त्यांनी सांगितलं की संस्कृती पहिली आली, त्यामुळे वसतिगृह मिळणार नाही.

"पयली?" वनमाला म्हणाली. "ती तर माज्यासंगं फडात व्हती."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "पण आली."

संस्कृती माझ्या टोकाशी बसून एक सुटलेला धागा ओढत होती.

मित्रांनो, मी आता विरले आहे. विनंती एवढीच, की बसण्याआधी मला झटकत जा, आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. आणि कधी मोठेपणी पोरांना मोजायला निघालात, तर त्यांच्या तोंडाकडेही बघत जा.

दिवाळीनंतर ट्रक आला आणि संस्कृती गेली. यंदा ट्रकमध्ये शेजारच्या गावची पोरंही होती; तिथलं वसतिगृह बंद झालं आहे.