चार कागदांवरचे आबा

अमरसिंह सरांनी चौथा कागद फळ्यावर टाचला, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि ते गप्प झाले. चौथऱ्यावर उघड्या अंगाने बसलेल्या आबांनी मान न हलवता सरांकडे बघितलं. सर गप्प झाले की कुणाची तरी चूक निघायची.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आबा मंगळवार पेठेतून चालत या चित्रकलेच्या कॉलेजात यायचे आणि पोरांसमोर न हलता बसायचे. त्याचा पगार मिळायचा. कारखान्यात असे बसले असते तर मेमो मिळाला असता.

फळ्यावर आता चार आबा होते. मोहितने पेन्सिल न उचलता एका रेघेत काढलेले आबा कपडे वाळत घालायच्या तारेसारखे दिसत होते. स्वप्नालीने आडव्यातिडव्या रेघांनी विणलेले आबा बाजेसारखे, कुणीही येऊन बसावं असे. विश्वजितने कोळसा बोटाने फासून त्यांना धुरात बसवलं होतं. दीक्षाने तीन दिवस नुसते ठिपके दिले होते. तिचे आबा जवळून मोहरी सांडल्यागत आणि लांबून जिवंत. एकाचं तोंड दुसऱ्याशी मिळत नव्हतं. सारखं होतं ते एवढंच, की चौघांच्याही डाव्या कानाखाली लिंबाएवढा फुगवटा होता.

दोन महिने आबा आरशाशिवाय दाढी करत होते. गारगोटीहून लेक, ललिता, फोनवर विचारायची, आवाज असा का येतोय. दाढ दुखतीय, आबा सांगायचे. त्या बाजूला दाढ एकही उरली नव्हती.

"कॉपी," सर म्हणाले. "परीक्षेत. चौघांनी मिळून एकच चूक. ही गाठ आधी कुणी काढली?"

गाठ. आबांनी हा शब्द मनातसुद्धा उच्चारला नव्हता. सरांनी तो खडू मागावा तसा उच्चारला.

"दिसलं ते काढलं, सर," दीक्षा म्हणाली.

"मला शिकवतीस? चार वर्षं बघतोय मी आबांना. डोळे मिटून काढीन."

ते खरंच होतं. पहिल्या वर्षी एकदा नीट बघून झाल्यावर सरांना पुन्हा बघायची गरज पडली नव्हती.

"सगळ्यात बारकाईनं तूच काढलीयस. म्हणजे सुरुवात तुझी. चौघांना शून्य."

शून्य म्हणजे वर्ष गेलं. दीक्षा बोटावरची शाई नखाने खरवडत राहिली. आबा हलले नाहीत. न हलणं हेच तर त्यांचं काम. आणखी पाच मिनिटं काम केलं असतं तर घंटा झाली असती, आणि शर्टाची कॉलर वर करून घरी जाता आलं असतं.

"सर," आबांच्या तोंडून निघालं.

"थांबा हो आबा."

"चार वर्सं थांबलोयच की. पोरांनी कापी केल्याली न्हाय. जरा हिकडं बघा."

सरांनी चष्मा लावला. आबांकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, पुन्हा आबांकडे. मग टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत भरायला लागले.

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"दवाखान्यात?"

"उद्या जातो म्हणतोय. रोजच म्हणतोय."

आबांनी शर्ट चढवला. बटणांना काजं सापडेनात. मोहित पुढे झाला, तसा त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि शर्ट तसाच उघडा सोडला.

"दीक्षा, ह्यातलं एक चित्र दे गं बाळ. डाक्टरपुढं माझ्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय. नुसतं म्होरं धरीन."

"कुठलं देऊ, आबा?"

"ज्यात ही गाठ बारकी दिसतीय ते."

दीक्षाने कागद फळ्यावरून उतरवले. एकेक हातात धरून कानाखालचा फुगवटा बघितला. चौथा बघून झाल्यावर तिने पुन्हा पहिला वर घेतला.