लाल पाइप

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षातल्या साठ जणांनी फॉर्म भरला. ‘संगणकावर इमारतीचं त्रिमितीय मॉडेल केल्याने माझं काम सोपं झालं,’ यावर एकोणसाठ जणांनी ‘पूर्ण सहमत’वर टिचकी मारली. त्यातल्या बहुतेकांनी ते सॉफ्टवेअर उघडलेलंही नव्हतं. लॅबमधल्या बारा संगणकांपैकी चारच धड चालायचे. साठावी होती प्लंबरची मुलगी. तिने लिहिलं, ‘असहमत.’

फॉर्म वाटणाऱ्या सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा शोधनिबंध या आकड्यांवरच उभा होता.

“शंभर टक्के स्वीकार होत आला होता गं! कुठे माशी शिंकली?”

“सर, मी ते वापरून बघितलंय ना.”

“मग?”

“आधी कागदावर रेघ ओढली की पाइप गेला. आता तो तुळईत अडकतो. काम वाढलंच की.”

तिने लॅपटॉप उघडला. कॉलेजच्या मागे उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीचं मॉडेल तिने नकाशांवरून महिनाभर खपून केलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप थेट तुळईत घुसला होता, आणि तेवढाच तुकडा लालभडक दिसत होता. सरांनी चष्मा पुसून पाहिलं.

“हा लाल रंग बदलता येतो का?”

घरी तिने बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत. “तुळईला भोक पाडा म्हणणारे मला रोज भेटतात,” ते म्हणाले. “स्लॅब ओतायच्या आत सांग. नंतर कुणी ऐकत नाही.”

सकाळी ती थेट साइटवर गेली. मुकादमाने आधी तिला उडवून लावलं. पण पडद्यावरची तुळई बघितल्यावर तो टेप घेऊन वर चढला आणि खाली येऊन त्याने इंजिनिअरला फोन लावला. दोन दिवसांनी पाइप भिंतीकडे सरकला.

निबंध छापून आला. स्वीकार शंभर टक्के. एक फॉर्म ‘तांत्रिक चुकीमुळे’ वगळला होता. व्यासपीठावर सरांना शाल मिळाली तेव्हा टाळ्या वाजवून तिचेही हात दुखले.

त्याच संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. “ताई, जरा येता का? जिन्याखाली मला शंका आहे.”

विटांच्या ढिगावर लॅपटॉप ठेवून ती बसली. मुकादमाने सिमेंटचा हात पँटला पुसला, माउस धरला आणि हळूच विचारलं, “हे फिरवायचं कसं?”