टॉवेलाखालचा सौदा

सुब्बारावला कळल्याशिवाय चिकपेटेत मांजरसुद्धा व्यायची नाही, असं आप्पाजी मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ सांगून आलं, कुणी नवी स्कूटर रोख घेतली, हे त्याला त्या घरच्या माणसांच्या आधी ठाऊक असे. रेशमी साड्यांच्या त्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साडी उलगडता उलगडता तो बाईच्या माहेरची चौकशी करी, आणि बाई माहेरचं बोलता बोलता एकाऐवजी दोन साड्या घेऊन जाई. अशा माणसापासून एक गोष्ट लपवायचं काम त्याच्या शेजारी गादीवर बसणाऱ्या येसाजीच्या गळ्यात पडलं होतं.

झालं असं, की सुब्बारावच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढचं मला विचारू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सुब्बारावने दुकानात यातलं अवाक्षर काढलं नाही. माळ्यावरून गठ्ठा उतरवताना धाप लागली की 'ॲसिडिटी' म्हणायचा आणि विषय बदलायचा. शेवटी त्याची बायको तुंगाबाई मल्लेश्वरमहून बस पकडून येसाजीच्या घरी आली. येसाजी आणि सुब्बाराव लग्नाआधीपासून एकाच गादीवर मांडीला मांडी लावून बसलेले. तिला दुसरं कोण आठवणार?

"येसाजीअण्णा, ते ऑपरेशन नको म्हणतात," ती म्हणाली. "एवढे पैसे कुठनं आणायचे? मी म्हटलं, दुकानात विचारू या की. तर ताटावरनं उठून गेले. म्हणाले, वर्गणीवर जगण्यापेक्षा मेलेलं बरं."

येसाजीला हे कुठून आलं ते माहीत होतं. सुब्बाराव लहान असताना त्याच्या वडिलांच्या आजारपणात गल्लीने वर्गणी काढली होती. वडील बरे झाले, आणि एक दिवस पोराला घेऊन हॉटेलात मसाला डोसा खायला बसले. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय राव, आमच्या वर्गणीत डोसापण धरला होता काय?" वडील अर्धा डोसा तसाच टाकून उठले. सुब्बारावने ही गोष्ट आयुष्यात एकदाच सांगितली होती, तीही हसत हसत. पण इडली, वडा, पुरी सगळं खाणारा तो माणूस डोशाला हात लावत नसे.

येसाजीने मालकांच्या कानावर घातलं, आणि आप्पाजींनी निम्मा खर्च उचलला. उरलेला गादीवरच्या माणसांनी आणि आजूबाजूच्या दुकानांनी मिळून उभा करायचा होता, आणि तोही सुब्बारावच्या नाकासमोर. तेव्हा येसाजीने मालकांच्या वडिलांच्या काळातली रीत काढली. त्या काळी घाऊक सौदा टॉवेलाखाली व्हायचा. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने टॉवेलाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि पटला की समोरच्याने त्या बोटांवर मूठ मिटायची. बघणाऱ्याला काही कळत नसे. मूठ मिटली की सौदा झाला. मग भाव पडो की चढो, शब्द फिरवायचा नाही. हे सगळं येसाजीला सुब्बारावनेच शिकवलेलं, आणि साड्या घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या विणकरांशी तो अजूनही टॉवेलाखालीच बोले.

आता शेजारचे दुकानदार येऊन येसाजीसमोर बसायचे, टॉवेलाखाली हात घालायचे आणि एकही साडी न घेता निघून जायचे. हे सुब्बारावच्या नजरेतून सुटणार थोडंच.

"काय चाललंय रे?" तिसऱ्याच दिवशी त्याने विचारलं.

"एकाच्या औषधपाण्यासाठी जमवतोय."

"कुणाच्या?"

"नाव सांगायचं नाही असं ठरलंय."

हे बोलला आणि येसाजीने जीभ चावली. सुब्बारावला नाव सांगायचं नाही म्हणजे त्याचं जेवणखाण बंद करण्यासारखंच होतं. त्या दिवसापासून तो शोधाला लागला. गोदामाच्या रखवालदाराला भूक लागते का ते विचारून झालं. बिलांसाठी कॉम्प्युटर बसवायला नागपूरहून आलेल्या पद्माकरला त्याने जिलेबी खाऊ घातली. "काका, मला खरंच आयडिया नाही," पद्माकर म्हणाला, "आणि असती तरी ते कॉन्फिडेन्शिअल आहे." सुब्बाराव जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून वर जाणाऱ्यांपैकी कुणाला दम लागतो ते बघत बसे. स्वतः मात्र वर जायचं टाळी.

येसाजीला भीती वाटे, पण त्याहून जास्त नवल वाटे. एवढा हुशार माणूस, सबंध पेठ पालथी घालतो, आणि आपल्याच दारात डोकावत नाही? मग त्याच्या लक्षात आलं. सुब्बारावला वाटत होतं, आपलं गुपित आपण इतकं पक्कं झाकलंय की ते कुणाला कळणं शक्यच नाही. आणि कुणाला कळलेलंच नाही, तर वर्गणी आपल्यासाठी कशी असेल?

बघता बघता पैसे जमले. पण ते घेणाराच नको म्हणाला तर काय करायचं? दोन दिवसांनी हॉस्पिटलात पैसे भरायचे होते, आणि सुब्बारावला कुणी आणि कसं सांगायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. आप्पाजी म्हणाले, येसाजी, तूच सांग. येसाजीला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुब्बाराव सरकत सरकत येसाजीसमोर आला आणि खांद्यावरचा टॉवेल त्याने मध्ये पसरला.

"हात दे," तो म्हणाला.

येसाजीने हात दिला. टॉवेलाखाली सुब्बारावने पाचही बोटं त्याच्या तळहातावर दाबली.

"हजारातली," तो हळूच म्हणाला.

"पाच हजार? कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. आता स्वल्पही नाटक करायचं नाही, येसाजी. मला सगळं कळलंय. त्या हार्टच्या हॉस्पिटलातनं मोठं पाकीट घेऊन बाहेर पडताना तुला रिक्षावाल्या मंजूने बघितलं. महिना झाला, माझ्याबरोबर अर्धी-अर्धी बाय-टू कॉफी घेत नाहीस. वाळून काटकी झालायस. कधीपासून आहे तुला?"

येसाजी सुब्बारावचे कागद घेऊन खर्चाचा अंदाज विचारायला हॉस्पिटलात गेला होता. कॉफी टाळत होता, कारण अर्ध्या कपात सुब्बारावने त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं असतं.

"एवढे पैसे आणलेस कुठनं?" त्याने कसंबसं विचारलं.

"फोनसाठी ठेवलेले."

सुब्बारावने घरी टेलिफोन यावा म्हणून सात वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं, आणि यंदा नंबर लागला होता. जगाच्या बातम्या घरबसल्या येतील म्हणून गडी पोरासारखा हरखला होता.

"मला नको, सुब्बण्णा," तो म्हणाला. पुढे काय बोलायचं ते त्याला त्या क्षणी सुचलं. "वर्गणी घेतली की लोक बोलतात. उद्या मी हॉटेलात बसून डोसा खाल्ला तर?"

सुब्बाराव टॉवेलाकडे बघत राहिला.

"खा," मग तो म्हणाला. "मी शेजारी बसतो. कोण बोलतो ते बघू. अरे, एक जण बोलला, पण देणारे चाळीस होते, त्यांचं काय? त्यांना तू जगायला हवायस म्हणूनच दिले ना? लाज धरून मेलास तर बायकोने काय करायचं? आणि लपवू नये रे. लपवायला फार जड जातं माणसाला."

"हा नियम माझ्यापुरताच की सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मूठ मिटू?"

"मीट."

येसाजीने सुब्बारावच्या पाचही बोटांवर मूठ घट्ट मिटली.

"सौदा झाला," तो म्हणाला. "आता ऐक. आजारी मी नाही."

"मग कोण?" सुब्बारावचे डोळे लकाकले.

"तुंगाअक्का माझ्या घरी येऊन गेली."

सुब्बारावने हात ओढला. येसाजीने सोडला नाही. त्याने पुन्हा ओढला, आणि मग त्याला धाप लागली. या वेळी तो ॲसिडिटी म्हणाला नाही.

"मूठ मिटलीय, सुब्बण्णा. उद्या पैसे भरायचेत."

"किती जणांना ठाऊक होतं?"

"सगळ्या पेठेला."

"म्हणजे एक मलाच ठाऊक नव्हतं?" हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं असावं. त्याचे डोळे भरून आले, आणि पुसायला टॉवेल हवा होता, तर त्याखाली दोघांचे हात अडकलेले.

"फोनचे पैसे परत घे," येसाजी म्हणाला.

"टॉवेलाखालचं मागे घेत नाहीत. वर्गणीत टाक." त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "बरं, कुणी किती दिले?"

"ते सांगायचं नाही."

"सगळ्यात जास्त कुणी दिले, तेवढं तरी."

"मालक सोडले, तर तूच."

सुब्बाराव हसायला लागला. हसता हसता रडला, आणि त्याने हात काढून घेतला नाही.

संध्याकाळी दोघं हळूहळू चालत कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले. येसाजीने कॉफी बाय-टू सांगितली. सुब्बारावने मसाला डोसा सांगितला. आजूबाजूला पेठेतलीच माणसं बसली होती, आणि कुणी काही बोलतंय का ते ऐकायला येसाजी कान टवकारून बसला होता. कुणी बोललं नाही. सुब्बारावने डोसा सगळा संपवला.