तांड्याचा बोअर आणि साहेबांचा खासगी ईमेल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण जुना म्हणून मला भंगारात काढू नका. वारंगा फाट्याजवळच्या एका सरकारी कार्यालयात मी वर्षानुवर्षं काम केलं आहे.

२००३ साली मी आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. सरकारने मला ईमेलचा पत्ताही दिला. पण कार्यालयाचे प्रमुख शिवहार साहेब यांना माझा संथपणा मानवेना. ते फाट्यावरच्या इंटरनेट कॅफेत जात आणि सरकारी पत्रं आपल्या खासगी ईमेलवरून धाडत. कामं झटपट होत, लोक साहेबांची वाहवा करत आणि मी फुलाफुलांच्या कापडाखाली धूळ खात बसे. मला फार राग येई.

जवळच्या तांड्यावर पाण्याचे हाल होते. तिथे बोअर मंजूर झाल्याचं पत्र साहेबांच्या खासगी ईमेलवर आलं आणि लगेच त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या मोहिनी मॅडमनी त्यांना फोन करून पत्र मागितलं, तेव्हा साहेब ओशाळले. मुलीच्या लग्नाचे फोटो यायचे होते, म्हणून जागा करायला त्यांनी जुनी पत्रं पुसून टाकली होती. वरच्या साहेबांनीही ते स्वतःच्या खासगी पत्त्यावरूनच पाठवलेलं, आणि त्यांच्याकडेही ते आता उरलं नव्हतं. कुठेच नोंद नाही, म्हणून बोअरची गाडी दुसऱ्या गावाला गेली.

तांड्यावरच्या धुरपताबाई भर उन्हात हंडे वाहून थकल्या होत्या. त्या मॅडमना शांतपणे म्हणाल्या, "सायबाची बदली झाली बाई, आमच्या तहानंची न्हाई झाली."

मॅडमनी त्याच दिवशी माझ्यावरचं कापड काढलं आणि नवा प्रस्ताव माझ्या सरकारी पत्त्यावरून पाठवला. आणखी एक उन्हाळा तसाच गेला. मग मंजुरी आली, ती थेट माझ्याकडे. पण गाडी येण्याआधी मॅडमचीही बदली झाली. ते कळताच धुरपताबाई तडक कार्यालयात आल्या.

"त्या मॅडमनं बी आमचा बोअर संगं नेला का?" त्यांनी नव्या देविदास साहेबांना विचारलं.

साहेबांनी मला सुरू केलं. पत्र जसंच्या तसं पडद्यावर आलं. धुरपताबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्या बघतच राहिल्या. त्याच महिन्यात तांड्यावर पाणी लागलं.

आज मी अडगळीत आहे. थोडं वाईट वाटतं, पण मान ताठ आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी साहेब होईल, कुणी मॅडम. घरचे फोटो आपल्या ईमेलवर खुशाल ठेवा. लोकांचं काम मात्र कार्यालयाच्याच पत्त्यावर ठेवा. तुमची बदली होईल, तेव्हा मागे कुणाचा हंडा रिकामा राहू नये.