कोळशाच्या बोटांचं पान

मी एक जुनी प्रत आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हटलं म्हणून कुणी मला बिचारी समजू नये. माझ्या पोटात ग्रीक लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं महाकाव्य आहे, पण बोलते मी आजच्या इंग्रजीत. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याच काव्याचा आधीचा अनुवाद, सोनेरी कडांची, मखमली खुणेची. तिच्यातले वीर तहान लागली तरी आधी सूर्याला आळवायचे. विद्वान मला नाक मुरडत. म्हणत, साधी भाषा म्हणजे पाणी घातलेलं दूध. ठीक आहे. मी लक्षात ठेवलं.

चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून डॉटने मला उचललं आणि शेजारच्या थर्झाच्या स्वयंपाकघरात आणलं. ते बंदराचं गाव. पुरुष तीन तीन आठवडे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात मासे धरायला जायचे, बायका घरी दाराला दोर बांधून जाळी विणायच्या. हात कामात, कान मोकळे, म्हणून एकीने वाचायचं.

आधी डॉटने थोरलीला वाचून पाहिलं होतं. थर्झा म्हणाली होती, "हा माणूस बोलतोय की पाद्री शिंकतोय? बंद कर ते!"

मग माझी पाळी आली. लढाई सोडून रुसून तंबूत बसलेला माझ्यातला वीर पहिल्याच दिवशी तिच्या मनात भरला. "माझाच माणूस हा," ती म्हणाली. "अपमान झाला ना? मग मरू देत सगळे!"

तिचं स्वतःचं रुसणं चार वर्षांचं होतं. गावात एक रीत आहे. घरचा माणूस समुद्रावर निघाला त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, धुतले तर माणूसच धुऊन जातो. थर्झाची सून नोरीन आतल्या गावची, समुद्र न पाहिलेली. तिचा नवरा क्लिफ निघाला त्या सकाळी तिने उत्साहाने त्याच्या चादरी धुतल्या आणि गल्लीभर वाळत घातल्या. बोट परत आली नाही. फळीसुद्धा सापडली नाही.

"माझ्या लेकाला हिने बादलीत बुडवला," थर्झा म्हणाली, आणि तिने म्हटलं म्हणजे गल्लीने म्हटलं. नोरीनच्या कपडे वाळवायच्या दोरीशेजारी कुणी दोरी बांधेना. बेकरीत ती शिरली की बायका गप्प. मला हे आवडायचं, खोटं कशाला सांगू? माझं पोट सुडावरच पोसलेलं.

क्लिफचा एक स्वेटर मागे राहिला होता. थर्झाने स्वतः विणलेला, कोपर रफू करायला तिच्याकडे दिलेला. नोरीन दर वर्षी, बोट हरवल्याच्या दिवशी दारात यायची आणि तो मागायची. दर वर्षी दार आपटायचं.

मी आले त्या वर्षी मात्र थर्झाने दार उघडंच ठेवलं. आदल्या दिवशी आमच्या वीराने मित्राला मारणाऱ्या शत्रूचं प्रेत रथामागे बांधून फरफटवलं होतं, आणि ही टाळ्या पिटत ओरडली होती, "अजून एक फेरी!" आता नोरीनला उंबऱ्यावर उभी पाहून ती डॉटला म्हणाली, "वाच गं. मोठ्याने वाच. कळू दे हिला, सूड कसा असतो ते."

डॉटने जाळ्याच्या सुतळीची खूण काढली. पण फरफट आदल्या दिवशीच संपली होती. पुढे आला तो मेलेल्याचा म्हातारा बाप. शत्रूच्या तंबूत एकटा शिरला, आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या पाया पडला आणि म्हणाला, माझं पोर मला पुरायला द्या.

थोरली असती तर बापाला आधी देवांची वंशावळ सांगावी लागली असती, आणि थर्झा तेवढ्यात सावरली असती. मी तिला सावरायला जागाच ठेवली नाही. म्हाताऱ्याचे शब्द मासळीबाजारातल्या कुठल्याही बापाचे होते.

थर्झाची जाळ्याची सुई थांबली.

"आई," नोरीन म्हणाली, "मला पुरायला काहीतरी हवंय हो. बाकी काही नको."

"आई म्हणू नकोस मला." थर्झा उठली, आत गेली, आणि स्वेटर आणून तिच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. "कोपर मी नीट केलंय. उसवू नकोस." मग डॉटकडे वळून, "त्या दोघांचं पुढे काय होतं गं? दिलजमाई?"

"छे! पुरून होईपर्यंत लढाई बंद. मग पुन्हा."

"मग बरोबर आहे. ऐकलंस ना नोरीन? पुरेपर्यंत."

स्वेटर पुरला तेव्हा थर्झा आली होती, खड्ड्याच्या पलीकडे उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला.

आणि मला शिक्षा! "घरभेदी मेली," म्हणत तिने मला कोळशाच्या कोठीत भिरकावलं. मी तिथे वर्षानुवर्षं पडून होते. पण मित्रांनो, एक गोष्ट डॉटलाही ठाऊक नव्हती. कोळसा न्यायला आली की थर्झा दार लोटून घ्यायची आणि म्हाताऱ्या बापाचं ते पान काढायची. शाळा तिची दोन इयत्ता. काळं बोट एकेका शब्दाखाली सरकवत, ओठ हलवत वाचायची, आणि शेवटी मला पुन्हा आपटायची.

थर्झा गेल्यावर घर आवरायला नोरीनच आली, दुसरं होतं कोण? मला उचललं, झटकलं, ओलं फडकं घेतलं. मुखपृष्ठ पुसलं. मग सुतळीपाशी मी आपोआप उघडले. ओळीओळीखाली कोळशाचे ठसे, रुंद बोटाचे, एकावर एक.

नोरीन कोठीतच खाली बसली. "इतक्या वेळा, आई?" ती म्हणाली. या वेळी नको म्हणायला कुणी नव्हतं.

मी आता तिच्या खिडकीत असते. माझ्या सोनेरी बहिणीची पुढची पानं कुणी न उघडल्यामुळे अजून एकमेकांना चिकटलेली आहेत म्हणे. माझा सूड तेवढ्याने पुरा झाला. तुम्हाला एवढंच सांगते, मित्रांनो, पुस्तकं वाळवीपासून सांभाळा, ओलीपासून सांभाळा, पण वाचणाऱ्याच्या बोटांपासून सांभाळू नका. नोरीनने त्या दिवशी फडकं पिळून बाजूला ठेवलं. ते पान तिने धुतलं नाही.